दूर गेलेले लोक आणि त्यांचा मूळ देश

एखाद्या समाजानें स्वदेश सोडून परक्या मुलखांत वस्ती केली, म्हणजे कांहीं पिढ्यांनंतर त्याचें मूळ स्वरूप कितपत टिकतें, हा प्रश्न मोठा बोधप्रद आहे.

प्राचीन काळीं फिनिशियन लोकांनीं टायर नगरांतून जाऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज वसविलें. तेथून टायरच्या मेल्कार्त देवास भेटी जात असत; परंतु कार्थेजांत तानित देवीस जें माहात्म्य आलें, तें मायदेशीं तिला नव्हतें. पुढें फिनिशियांत ती भाषा लोपली, तरी संत ऑगस्टीन यांच्या काळीं, म्हणजे पांचव्या शतकाच्या आरंभीं, उत्तर आफ्रिकेंतील खेड्यांतून ती बोलली जात होती.

आपल्याकडील असेंच उदाहरण तंजावरचें होय. शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजी राजे यांनीं इ. स. १६७६ च्या सुमारास तेथें भोसल्यांचें राज्य स्थापिलें. तें १८५५ पर्यंत चाललें. प्रजेची भाषा तमिळ, आणि दरबारांत तेलुगु व संस्कृत यांचा मान. तरीहि मराठी लोपली नाहीं. शहाजी राजे (१६८४–१७१२) यांच्या दरबारीं मराठी नाटकें रचिलीं गेलीं. महाराष्ट्रांत विष्णुदास भावे यांचें 'सीतास्वयंवर' १८४३ मध्यें झालें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांचें महत्त्व कळतें. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखालीं शिकलेले दुसरे सरफोजी राजे यांनीं बृहदीश्वराच्या देवालयांत भोसल्यांचा वंशेतिहास मराठींत कोरविला (१८०३), व सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केलें. तेथें मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे.

मात्र ही मराठी जशीच्या तशी राहिली नाहीं. तींत तमिळ शब्द मिसळले. उलट ओवी, साकी व दिंडी हीं मराठी वृत्तें तमिळ हरिकथेंत रूढ झालीं. देवघेव दोन्ही बाजूंनीं झाली.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, दूर गेलेला समाज म्हणजे मूळ समाजाची बिघडलेली नक्कल नव्हे. तो कांहीं जुनें जपतो, कांहीं नवें घेतो, आणि कधीं कधीं मायदेशाच्याहि पुढें जातो.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत वणी-केळापुराकडे मराठीच्या शेजारीं तेलुगु, गोंडी व कोलामी कानीं पडतात. बंजारा कुटुंबें घरीं गोरमाटी बोलतात. तेव्हां एखाद्या सोबत्याच्या बोलण्यांत निराळा शब्द आला, तर विद्यार्थ्यांनीं त्यास अशुद्ध म्हणून हंसूं नये. तो कोठून आला, हें विचारावें. त्या एका शब्दांत त्याच्या पूर्वजांचा प्रवास सांठविलेला असूं शकेल.