अगस्तीचा प्रकाश

सातपुड्याच्या गाविलगड डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर चिखलदरा वसले आहे. जानेवारीच्या अखेरीस, चांदणे नसलेल्या निरभ्र रात्री साडेनऊच्या सुमारास तेथून दक्षिणेकडे पाहिले असता वऱ्हाडच्या मैदानावर, क्षितिजापासून थोड्याच उंचीवर, एक तारा लुकलुकताना दिसतो. तो अगस्ती होय. रात्रीच्या आकाशात व्याधाखालोखाल हाच तेजस्वी. पण येथे त्याचे बरेचसे तेज हरपलेले असते. क्षणात तो पांढरा, तर क्षणात तांबूस वा हिरवट भासतो. उंच चढलेली रोहिणी मात्र त्या मानाने शांत तेवत असते.

हा दोष अगस्तीचा नव्हे. त्याचा प्रकाश सुमारे ३१० वर्षे प्रवास करून येथे पोहोचतो. तो निघाला तेव्हा साताऱ्यास शाहू छत्रपती राज्य करीत होते! एवढ्या दीर्घ वाटेत त्यास फारसा अडथळा होत नाही. अखेरीस पृथ्वीचे वातावरण लागते. ते ओलांडण्यास त्याला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. पण तेवढ्यातच तो विस्कटतो.

हवा कधीच स्थिर नसते. तीत उष्ण व थंड झोत सतत मिसळत असतात. उष्ण हवा विरळ, थंड हवा दाट. एकीतून दुसरीत शिरताना प्रकाश किंचित वाकतो. पेटत्या चुलीवरून पाहिल्यास पलीकडची भिंत थरथरते, तोच हा प्रकार. गुरूसारखा ग्रह जवळ असल्याने त्याचे बिंब मोठे असते. त्याच्या निरनिराळ्या भागांची थरथर एकमेकींत जिरून जाते. तारा मात्र केवळ बिंदू.

चिखलदऱ्याहून अगस्ती सुमारे १६ अंशांहून वर कधीच चढत नाही. त्यामुळे त्याच्या तिरप्या किरणांना डोक्यावरील ताऱ्याच्या सुमारे साडेतीनपट हवेतून यावे लागते. हवा निळा प्रकाश अधिक विखुरते. म्हणून मावळते तारे तांबूस दिसतात. नवल असे की, क्षितिजावर टेकलेला तारा वस्तुतः अर्धा अंश खाली गेलेला असतो. वाकलेला प्रकाशच त्याला वर दाखवितो.

चिखलदऱ्याच्या उंचीमुळे हवेचा सुमारे आठवा हिस्सा खाली राहतो. ज्योतिर्विद याच कारणाने डोंगर शोधतात. जुन्नरजवळ गिरवली येथे सुमारे १००० मीटर उंचीवर २ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे; लडाखमधील हानले येथे तशीच दुर्बीण ४५०० मीटरवर आहे. थरथर तेथेही पुरती सुटत नाही. १९९० साली अवकाशात सोडलेली हबल दुर्बीण सारी दाट हवा खाली टाकून फिरते. तिला अगस्ती लुकलुकताना दिसत नाही.