खिडकीतली कोरफड

(इयत्ता पाचवी)



कोरफड आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कुणाच्या दारात असते, कुणाच्या बांधावर असते. पण ती डब्यात कशी सांभाळायची हे मला ठाऊक नव्हते. एक रोप घालवून मी ते शिकले. तुमचे रोप जाऊ नये म्हणून हा लेख लिहीत आहे.

दिवाळी झाल्यावर माझे आईबाबा ऊसतोडीला गेले. मी गंगाखेडला आजीजवळ राहिले. आईने पत्र्याच्या दोन डब्यांत दोन कोरफडी लावल्या होत्या. जाताना तिने दोन्ही डबे पूर्वेच्या खिडकीत ठेवले आणि म्हणाली, "एक तुही, एक मही. म्या येईपर्यंत सांभाळ." मी रोज सकाळी दोन्ही डब्यांत तांब्याभर पाणी घालत होते. मला वाटायचे, जास्त पाणी म्हणजे जास्त माया.

दीड महिन्याने आईच्या कोरफडीची पाने बुडाशी मऊ आणि तपकिरी झाली. हात लावला तर पान गळून हातात आले. मला रडू आले. आजी म्हणाली, "अगं, एवढं पाणी कामून घातलंस? ती काय म्हैस हाय व्हय, रोज पाणी पाजायला?"

मी दोन्ही डबे शाळेत आणले. बाईंनी आईची कोरफड उपटून दाखवली. मुळे काळी पडून कुजली होती. डब्याला खाली भोक नव्हते. माझ्या डब्याचे बूड मात्र गंजून त्याला भोक पडले होते. जास्तीचे पाणी निघून जात होते, म्हणून माझे रोप वाचले. बाई म्हणाल्या, "मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. माती सारखी ओली राहिली की हवेची जागा पाणी घेतं. मग मुळं गुदमरतात आणि कुजतात."

कोरफड पाणी कुठे ठेवते?

कोरफडीची पाने एका जागेतून निघून गोल पसरतात. पाऊस किंवा दव पडले की पाणी पानावरून घसरून मधोमध, मुळाकडे जाते. पानाच्या आत पारदर्शक गर असतो. त्याच्या १०० भागांत सुमारे ९८ ते ९९ भाग पाणीच असते. म्हणजे पान हाच तिचा रांजण.

बहुतेक झाडांच्या पानांवरची बारीक छिद्रे दिवसा उघडतात. त्यांतून हवा आत येते आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. कोरफड ही छिद्रे मुख्यतः रात्री, गारव्यात उघडते. रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवते आणि दिवसा उन्हात त्याचे अन्न बनवते. त्यामुळे पाणी फार कमी उडते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, तरी ती तग धरते ती यामुळेच.

लावायचे कसे?

१. डब्याच्या बुडाला खिळ्याने तीन-चार भोके पाडा. त्यांवर खापरीचे तुकडे ठेवा.
२. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून नुसती काळी माती घेऊ नका. एक भाग माती, दोन भाग जाड वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत घ्या.
३. मातीत बोट दोन पेरे खुपसून पाहा. कोरडे लागले तरच पाणी घाला. हिवाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी आणि उन्हाळ्यात आठवड्याने एकदा पुरते. पावसाळ्यात माती ओली असेल तर मुळीच नको.
४. पूर्वेची खिडकी उत्तम. सावलीतले रोप एकदम कडक उन्हात ठेवू नका, पाने लालसर होतात. रोज थोडे थोडे ऊन वाढवा. रोप उजेडाकडे झुकते, म्हणून आठवड्यातून एकदा डबा थोडा फिरवा.
५. पानांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसून काढा.

रोप आपल्याशी बोलते. पाने पातळ होऊन आत वळली तर ते तहानलेले आहे. बुडाशी मऊ पडली तर पाणी जास्त झाले. लांब आणि फिकी झाली तर उजेड कमी पडतो.

एक सूचना. पान कापल्यावर सालीखालून पिवळा, कडू चीक निघतो. तो पोटात गेला तर जुलाब होतात. लहान भावंडांना पान चघळू देऊ नका.

रोपवाटिकेत गुलाबाच्या फुलासारखी दिसणारी, जाड पानांची छोटी रोपे मिळतात. त्यांतल्या एका प्रकाराचे नाव एचेव्हेरिया. ती मुख्यतः मेक्सिको देशातली. वनस्पतींची चित्रे काढणाऱ्या आतानासिओ एचेव्हेरिया या चित्रकाराचे नाव तिला १८२८ साली दिले गेले. तिचे एक पान कोरड्या मातीवर ठेवले तरी त्याला मुळे आणि नवे रोप फुटते. कोरफडीचे पान असे फुटत नाही, ते कुजते. कोरफड पिल्लांपासूनच वाढवावी. आपल्या मे महिन्यातले दुपारचे ऊन मात्र एचेव्हेरियाला सोसत नाही. तिला तेव्हा खिडकीपासून हातभर आत ठेवावे.

फाल्गुनात माझ्या कोरफडीच्या बुडाशी एक पिल्लू आले. त्याला चार पाने आणि स्वतःची मुळे आल्यावर मी ते वेगळे केले. जखम सुकावी म्हणून दोन दिवस सावलीत ठेवले. मग आईच्या डब्याला भोके पाडून त्यात लावले. आठ दिवस पाणी घातले नाही. हे आठ दिवस मला फार जड गेले.

पाडव्याच्या सुमारास आई आली. खिडकीकडे पाहून म्हणाली, "मही एवढी बारकी कशी झाली गं?" मी सगळे खरे सांगितले. आई रागावली नाही. तिने डबा उचलून बुडाची भोके पाहिली आणि परत खिडकीत ठेवला. आता ती पुढच्या दिवाळीला जाईल तेव्हा मला पाणी घालायला सांगावे लागणार नाही. पाणी कधी घालायचे नाही, हे मला समजले आहे.

करून पाहा : तुमच्या घरातल्या कुंडीला किंवा डब्याला भोक आहे का, ते आजच बघा.