अतिस्राव आणि ‘वाईट रक्ता’चा समज

प्रश्न : वय ४३, सौंसर. पाळी नऊ दिवस चालते, गाठी पडतात. सासूबाईंच्या मते वाईट रक्त निघून जाते. पिशवी काढावी लागेल का?

उत्तर : पाळीत ‘वाईट’ रक्त असे काही नसते, सात दिवसांहून अधिक चालणारा स्राव म्हणजे अतिस्राव, आणि त्यामागे फायब्रॉइड (गर्भाशयातील, बहुधा कर्करोगाची नसलेली गाठ), थायरॉइडचा बिघाड, तांबी (कॉपर-टी) किंवा चाळिशीतील संप्रेरकांची अनियमितता असू शकते. तुमच्या भागात संत्रातोडीच्या कामात येणारा थकवा कामाचाच मानला जातो. तो अतिस्रावातून होणाऱ्या रक्तक्षयाचाही असू शकतो, म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी आणि या वयात गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून करून घ्यावी. बहुतेकदा गोळ्यांनी किंवा गर्भाशयात बसवायच्या संप्रेरकयुक्त साधनाने स्राव आटोक्यात येतो, त्यामुळे पिशवी काढण्याची घाई नको. मात्र तासाला एक पॅड भिजू लागल्यास किंवा चक्कर आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.