संगणक-वर्गानंतरची पहिली नोकरी : एक अभ्यास

‘सहा महिन्यांत सॉफ्टवेअर अभियंता व्हा’ अशा आशयाचे फलक आता तालुक्याच्या गावीही दिसू लागले आहेत. कुटुंब कर्ज काढते, मुलगा किंवा मुलगी पुण्यास जाऊन वर्ग पूर्ण करते, प्रमाणपत्रही मिळते. परंतु शेकडो अर्ज करूनही मुलाखतीचे बोलावणे येत नाही. कर्जाचे हप्ते मात्र ठरल्या दिवशी सुरू होतात. गावी परतलेला असा तरुण बहुधा आपल्या जुन्या शिक्षकाकडे अथवा पंचायत सदस्याकडेच सल्ल्यासाठी येतो. म्हणून या प्रश्नाचे स्वरूप त्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

कोडिंग बूटकॅम्प या नावाने ओळखली जाणारी ही शीघ्रशिक्षणाची पद्धत मूळची अमेरिकेतील. सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ साली सुरू झालेला ‘डेव्ह बूटकॅम्प’ हा तिच्या आरंभीच्या वर्गांपैकी एक होय. तो २०१७ च्या अखेरीस बंद पडला. आज्ञावली लिहिणाऱ्यांची टंचाई होती तोवर काही महिन्यांचे शिक्षणही नोकरीस पुरत असे. २०२२ च्या अखेरीस तेथील मोठ्या कंपन्यांनी नोकरकपात आरंभली. एकट्या मेटा कंपनीने त्या नोव्हेंबरमध्ये ११,००० हून अधिक लोकांना कमी केले. परिणामी, नवशिक्यास त्याच जागेसाठी अनुभवी माणसाशी स्पर्धा करावी लागली. त्यातच किरकोळ दुरुस्त्या, चाचण्या, साधी पाने तयार करणे ही जी कामे पूर्वी नवख्यांच्या हाती दिली जात, ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी बरीच सोपी करून टाकली. शिडीची खालची पायरीच अशी झिजत चालली आहे.

टक्केवारीचा छेद

नोकरी मिळालेल्यांची टक्केवारी पाहून पालक भुलतात. पूर्वी लॅम्बडा स्कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ‘ब्लूमटेक’ या अमेरिकन संस्थेवर तेथील ग्राहक वित्तीय संरक्षण विभागाने एप्रिल २०२४ मध्ये कारवाई केली. ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना सहा महिन्यांत नोकरी मिळते अशी तिची जाहिरात होती. गुंतवणूकदारांना दिलेल्या माहितीत मात्र हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आणि काही वेळा ३० टक्क्यांपर्यंत खाली होते. नोकरी लागल्यावर उत्पन्नाचा हिस्सा द्यायचा हा तिचा करार म्हणजे कर्जच होय, असेही त्या विभागाने म्हटले.

उघड असत्य न बोलताही आकडा फुगविता येतो. समजा, १०० जणांनी प्रवेश घेतला. त्यांपैकी ४० जणांनी वर्ग सोडला आणि २० जण संस्थेच्या ‘पात्र’ या व्याख्येत बसले नाहीत. उरलेल्या ४० पैकी ३२ जणांस काम मिळाले, की जाहिरातीत ८० टक्के छापता येतात. प्रवेश घेणाऱ्याच्या दृष्टीने प्रमाण ३२ टक्केच ! (आठवीच्या गणिताच्या तासाला हे उदाहरण अवश्य घ्यावे.) तेव्हा प्रश्न विचारावा तो छेदाविषयी : किती जणांनी प्रवेश घेतला होता ? नोकरी न लागल्यास हप्ता कोणी भरावयाचा, हेही करारातच वाचावे. तोंडी आश्वासन ग्राह्य धरू नये.

पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचा, म्हणजे सी-डॅकचा, पदविका अभ्यासक्रमही सहा महिन्यांचाच आहे. परंतु तेथे प्रवेशपरीक्षेची चाळणी असते आणि विद्यार्थी बहुतांशी अभियांत्रिकीचे पदवीधर असतात. केवळ कालावधी सारखा म्हणून फळ सारखे मिळेल, असे मानता येत नाही.

वर्ग झाला, पुढे काय ?

नोकरी न मिळालेला तरुण पुष्कळदा दुसऱ्या वर्गाची फी भरतो. आमच्या मते हा मार्ग सर्वांत महाग आहे. प्रमाणपत्रे वाढतात, अनुभव तेवढाच राहतो. वर्गातील सर्वांनी केलेला तोच नमुना-प्रकल्प अर्जाला जोडून निवड करणाऱ्यास काहीच कळत नाही. उलट, शाळेच्या ग्रंथालयाची नोंदवही किंवा दूध संस्थेचा रोजचा हिशेब संगणकावर आणून दिला, लोकांनी तो वापरला, त्यांच्या तक्रारी आल्या आणि त्या दूर केल्या, तर सांगण्याजोगे काम हाती येते. जुन्या फाँटमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणे हेही असेच एक काम आहे. पंचायतीने अशी संधी द्यावी. मात्र नागरिकांची खासगी माहिती उमेदवाराच्या हाती सोपवू नये, आणि काम उपयोगी पडल्यास थोडा मोबदलाही द्यावा.

दुसरा मार्ग शिकाऊ उमेदवारीचा. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा असून, ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर असे उमेदवार घेण्याचे बंधन आहे. ही तरतूद केवळ कारखान्यांसाठी आहे असा समज आढळतो. तो खरा नाही. २०२४ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांसाठी दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठेवण्यात आले होते. कोणत्याही योजनेत अर्ज करताना ती चालू आहे काय, हे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात आधी विचारावे. शिकाऊ उमेदवारीचा करार संकेतस्थळावर नोंदला गेला की नाही, हे पहिल्याच आठवड्यात तपासून घ्यावे. नोंद नसेल तर अखेरीस मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर हक्क सांगणे कठीण जाते.