पहिला शोधप्रकल्प : मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी काही पाठ

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली मुले-मुली आज महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत शिकत आहेत. त्यांपैकी काहींनी मानसशास्त्र हा विषय निवडला आहे. पदवीच्या किंवा पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटी त्यांना एक शोधप्रकल्प स्वतंत्रपणे करावा लागतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीत ‘संशोधनासह ऑनर्स’ असा मार्गही खुला झाला असून, त्यात चौथ्या वर्षी 12 श्रेयांकांचा लघुप्रबंध अपेक्षित आहे. ज्या घरात यापूर्वी कोणी प्रबंध पाहिलेलाही नाही, त्या घरातील विद्यार्थ्याला हे काम डोंगराएवढे वाटते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या कामाचे टप्पे क्रमाने मांडण्याचे आम्ही ठरविले. हे पाठ विद्यार्थ्यांसाठी आहेत, तसेच पालकांसाठी आणि समाजबांधवांसाठीही आहेत. कारण उद्या हाच विद्यार्थी प्रश्नावली घेऊन आपल्या दारी येणार आहे.

एक आदर्श : 1916 सालचा निबंध

स्वतंत्र संशोधन म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. त्या निबंधाची रचना प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे. सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या जातीविषयक व्याख्या ते आधी मांडतात. प्रत्येकीत काय ग्राह्य आहे आणि काय उणे आहे, हे दाखवितात. त्यानंतरच जातीअंतर्गत विवाहाचे बंधन हे जातीचे मूळ लक्षण होय, हा स्वतःचा सिद्धान्त पुढे ठेवतात.

पूर्वीच्यांचे म्हणणे प्रामाणिकपणे समजून घेणे, त्यातील उणीव पुराव्याने दाखविणे आणि मग आपले म्हणणे तपासासाठी सर्वांपुढे ठेवणे, या तीन गोष्टींत संशोधनाचे सार आले. कालामांना तथागतांनी केलेला उपदेशही याच दिशेचा आहे : केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरूने सांगितले आहे म्हणून काही स्वीकारू नये. संशोधकाने हा नियम मार्गदर्शकाच्या मतालाही लावावा आणि स्वतःच्या मतालाही लावावा.

प्रश्न लहान असावा

नवा विद्यार्थी बहुधा ‘ग्रामीण विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य’ असा विषय घेऊन येतो. हा विषय एका जन्मात संपणारा नाही. प्रश्न असा हवा, की ज्याचे उत्तर सहा-आठ महिन्यांत, हाताशी असलेल्या माणसांकडून, मोजून मिळू शकेल.

आपल्याच परिसरातील उदाहरण घेऊ. दिवाळी आटोपली की मराठवाड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मुले निवासी शाळांत राहतात. सहावीत नव्याने आलेले मूल म्हणते, ‘मला इथं करमत नाही.’ यातून प्रश्न उभा राहतो : ज्या मुलांचे घरी वरचेवर फोनवर बोलणे होते, त्यांना कमी करमेनासे होते काय? येथे फोनची संख्या हे एक चल आहे आणि न करमण्याची तीव्रता हे दुसरे चल आहे. दोहोंत संबंध आहे, ही झाली परिकल्पना. संबंध नाही, ही शून्य परिकल्पना. परिकल्पना माहिती गोळा करण्यापूर्वी लिहून मार्गदर्शकांकडे द्यावी. आकडे पाहून नंतर परिकल्पना रचणे म्हणजे बाण लागेल तेथे वर्तुळ काढणे होय.

साधन आणि शब्द

मानसशास्त्रातील पुष्कळशा प्रश्नावल्या इंग्रजीत तयार झालेल्या आहेत. त्यांचे शब्दशः भाषांतर हिंगोलीच्या मुलापुढे ठेवले, तर ते समोरच्या ताई-दादांना बरे वाटेल असे उत्तर देते. ‘गृहविरह’ हा शब्द कोशात शोभतो. मूल मात्र ‘करमत नाही’, ‘जीव लागत नाही’, ‘आईची सय येते’ असे म्हणते. म्हणून एकाने मराठीत भाषांतर करावे आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यावे. जेथे अर्थ हललेला दिसेल, तेथे शब्द बदलावा. त्यानंतर आठ-दहा मुलांवर पूर्वचाचणी घ्यावी आणि ‘या वाक्याचा तुला काय अर्थ कळला?’ असे प्रत्येकाला विचारावे.

साधनाच्या दोन कसोट्या आहेत. पुन्हा मोजले असता जवळपास तेच माप येणे ही विश्वसनीयता. जे मोजायचे तेच मोजले जाणे ही यथार्थता. वजनकाटा रोज अर्धा किलो जास्त दाखवीत असेल, तर तो विश्वसनीय आहे, पण यथार्थ नाही. मूळ साधन कोणाचे आहे आणि ते वापरण्याची परवानगी घेतली आहे काय, हे प्रबंधात नमूद करणे आवश्यक आहे.

मूल ‘नाही’ म्हणू शकते काय?

या पाठावर आम्ही अधिक भर देऊ इच्छितो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बालकांवरील संशोधनात पालकांच्या संमतीबरोबरच 7 ते 12 वर्षांच्या मुलाची तोंडी आणि 12 ते 18 वर्षांच्या मुलाची लेखी अनुमती घ्यावी लागते. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता त्याआधी घ्यावयाची असते. पण कागदावरची सही म्हणजे संमती नव्हे. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी रांगेत बसवून अर्ज वाटले, तर कोणते मूल नाही म्हणेल? माजी विद्यार्थी म्हणून आलेल्या दादाला किंवा ताईलाही मुले नाही म्हणत नाहीत. म्हणून अर्ज वाटताना अधिकारी व्यक्ती खोलीत नसावी. भाग न घेणाऱ्याला त्या वेळात चित्र काढण्यासारखे दुसरे काम द्यावे, म्हणजे कोणी भाग घेतला नाही हे उठून दिसणार नाही. पालक ऊसतोडीला गेले असतील, तर ते परत येईपर्यंत थांबावे किंवा ते जाण्यापूर्वीच त्यांना भेटावे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना साक्षीदारासमक्ष वाचून दाखवावे.

उत्तरपत्रिकेवर नाव नसावे, संकेतांक असावा; नावांची यादी वेगळ्या कुलपात असावी. मात्र गुप्ततेलाही मर्यादा आहे. एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचार सांगितला, तर 2012 च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार तो कळविणे बंधनकारक आहे. ही गोष्ट मुलांना आरंभीच सोप्या शब्दांत सांगावी. प्रश्नावलीने कोणी अस्वस्थ झाले तर कोणाकडे न्यावे, हेही आधी ठरलेले असावे. ‘टेलिमानस’ची 14416 आणि बालकांसाठीची 1098 ही मदतवाहिनी जवळ लिहून ठेवावी.

आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

समजा, साठ मुलांच्या माहितीवरून फोन आणि न करमणे यांत सहसंबंध आढळला. सहसंबंध गुणांक -1 ते +1 यांच्या दरम्यान असतो. आपला गुणांक +0.30 आला, म्हणजे जास्त फोन करणाऱ्यांना जास्त करमत नाही असे दिसले. मग फोन बंद करावेत काय? मुळीच नाही. फोनमुळे आठवण वाढत असेल, किंवा आठवण येते म्हणूनच मूल फोन करीत असेल, किंवा घरी कोणी आजारी असल्यामुळे दोन्ही वाढले असेल. सहसंबंध कार्यकारणभाव सिद्ध करीत नाही. शिवाय 0.30 चा वर्ग 0.09, म्हणजे मुलामुलांतील फरकाचा केवळ 9 टक्के भाग या संबंधाने उलगडतो. उरलेल्या 91 टक्क्यांपुढे नम्र राहावे. संबंध आढळलाच नाही, तरी प्रकल्प फसला असे मानू नये. प्रामाणिकपणे मांडलेले ‘आढळले नाही’ हेही ज्ञानच आहे.

निष्कर्षाची जबाबदारी

आपल्या मुलांविषयी ‘यांची बुद्धीच कमी’ असे अनुमान पूर्वी कितीतरी वेळा सहज काढले गेले. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर केलेला आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने मोलाचा आहे. मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवावयास दिले. जात उघड केली नव्हती, तेव्हा तथाकथित उच्च आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांत लक्षणीय फरक दिसला नाही. सर्वांसमक्ष नावाबरोबर जात पुकारली, तेव्हा मात्र खालच्या मानल्या गेलेल्या जातीच्या मुलांची कामगिरी घसरली. चक्रव्यूह तसेच होते, बदलली होती ती परिस्थिती. केवळ गुणांची सरासरी काढणाऱ्याने दोष मुलांच्या माथी मारला असता. योग्य प्रश्न विचारल्यामुळे तो परिस्थितीत सापडला.

यातच या शिक्षणाचे मोल आहे. आजवर आपल्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले. आता आपली मुले स्वतः प्रश्न विचारणार आहेत. परंतु आपली माणसे म्हणून त्यांनी निष्कर्ष गोड करून सांगू नयेत. आपल्या संस्थेतील उणीव आढळली, तर तीही लिहावी; आणि संस्थेने ती ऐकून घ्यावी.

पालक व माजी विद्यार्थ्यांना विनंती

प्रबंध ग्रंथालयात जमा झाला की काम संपले, असे विद्यार्थ्याने समजू नये. ज्यांनी माहिती दिली, त्यांना दोन पानांचा मराठी सारांश वाचून दाखवावा. तो त्यांचा हक्क आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपले प्रबंध, वापरलेली मराठी साधने आणि आलेल्या अडचणींची टिपणे विद्यालयाच्या ग्रंथालयास द्यावीत, म्हणजे पुढच्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागणार नाही. पालकांनी प्रश्नावली घेऊन आलेल्या मुलाला निःसंकोचपणे विचारावे : हे कशासाठी, कोण वाचणार, आणि मी नाही म्हटले तर चालेल काय? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे जो देईल, त्यालाच आपले मन उघडून दाखवावे.