‘डूम’ : एका खेळाची घडण व त्याचें स्वागत

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. इयत्ता नववीच्या वर्गांत आम्ही कवितेचा अर्थ सांगत असतांना शेवटच्या बांकावरील एका विद्यार्थ्याची मान बराच वेळ खालीं गेलेली दिसली. जवळ जाऊन पाहतों तों बांकाखालीं मोबाईल, व त्याच्या कांचेवर एका अंधाऱ्या दालनांतून पुढें सरकणारी बंदूक! नियमाप्रमाणें फोन आमच्या टेबलाच्या खणांत गेला व दुसरे दिवशीं मुलाचे वडील शाळेंत आले. केळींच्या ट्रकवर चालक असलेले ते गृहस्थ रात्रभर गाडी चालवून थेट आमच्याकडे आले होते. ते म्हणाले, “सर, हा फोन येथेंच फोडून टाका. यानें माझें पोर बिघडविलें.” आम्हीहि मान डोलावली. तेवढ्यांत मुलानें हळूच विचारलें, “सर, भिंतीपलीकडचा राक्षस दिसूं द्यावयाचा नाहीं, हें त्या यंत्राला कसें कळतें?”

वाचकहो, आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. ज्या खेळास आम्ही क्षणापूर्वीं दोष देत होतों, त्याविषयीं आम्हांस कांहींच ठाऊक नव्हतें. महाविद्यालयांत असतांना धुळ्याच्या एका संगणक वर्गांत आम्हीं स्वतः तो खेळ चार-दोन वेळां खेळला होता, एवढीच काय ती आमची पुंजी. फोन न फोडतां आठ दिवस आमच्याकडे ठेवण्याचें ठरलें व उत्तर शोधून देण्याचें आम्हीं कबूल केलें. त्या शोधाचें फळ तें हा लेख.

प्रथम नांवाचा उलगडा करूं. व्याकरणांत पुरुष तीन : मी, तूं व तो. सोंगट्या किंवा बुद्धिबळ खेळतांना आपण पट वरून पाहतों. प्यादें हें ‘तो’ असतें. परंतु कांहीं संगणकी खेळांत खेळणारा स्वतःच्याच डोळ्यांनीं त्या जगाकडे पाहतो. त्यास स्वतःचें तोंड दिसत नाहीं, केवळ पुढें धरलेला हात व त्यांतील शस्त्र दिसतें. म्हणून अशा खेळांस ‘फर्स्ट-पर्सन शूटर’ म्हणजे प्रथमपुरुषी नेमबाजीचे खेळ म्हणतात. ‘डूम’ हा या जातीचा पहिला खेळ नव्हे. परंतु त्याची छाप एवढी पडली कीं पुढें कित्येक वर्षें अशा इतर खेळांस ‘डूमच्या नकला’ असेंच म्हणत.

‘इड सॉफ्टवेअर’ ही मंडळी १९९१ सालीं अमेरिकेंत चार तरुणांनीं स्थापिली : जॉन कारमॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल व एड्रियन कारमॅक. दोघां कारमॅकांचें आडनांव एक असलें तरी नातें नव्हतें. जॉन कारमॅक हा चौदाव्या वर्षीं शाळेंतील संगणक चोरण्याच्या प्रयत्नांत पकडला गेला होता व एक वर्ष सुधारगृहांत राहिला होता. संगणकाचें वेड त्यास होतें, मात्र त्या वेडास वेळेवर वाट मिळाली नव्हती. ही गोष्ट पालकांनीं व आम्हां शिक्षकांनींहि ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

१९९२ च्या मे महिन्यांत या मंडळीचा ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’ हा खेळ निघाला. त्यांतील भिंती सर्व सारख्या उंचीच्या व एकमेकींस काटकोनांत असत. पुढील खेळांत भिंती हव्या त्या कोनांत असाव्या, जमीन उंच-सखल असावी, पायऱ्या असाव्या, दूरची वस्तु अंधारांत बुडावी, असें कारमॅकनें योजिलें. टेक्सास प्रांतांतील मेस्किट या गांवीं १९९३ सालीं हें काम चाललें. रोमेरोनें दालनांची रचना केली. एड्रियननें मातीचे राक्षस घडवून त्यांचीं चित्रें संगणकांत घेतलीं. बॉबी प्रिन्स यांनीं संगीत दिलें. टॉम हॉल यांनीं कथानकाचें मोठें टिपण लिहिलें होतें, परंतु सोबत्यांस खेळाला एवढी कथा नको होती. मतभेद वाढून ते त्याच वर्षीं बाहेर पडले. त्यांच्यामागून आलेले सँडी पीटरसन हे धर्मनिष्ठ गृहस्थ. नरकांतील राक्षसांचीं चित्रें त्यांस खटकत नाहींत काय, असा प्रश्न निघाला तेव्हां राक्षस हे खेळांत दुष्टच दाखविले आहेत, अशा अर्थाचें समाधान त्यांनीं दिलें.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. त्या काळचे संगणक आजच्या साध्या मोबाईलपेक्षांहि पुष्कळच मंद होते. सेकंदास पस्तीस वेळां नवें चित्र काढावयाचें, तर प्रत्येक भिंत प्रत्येक भिंतीशीं ताडून पाहण्यास सवड कोठून मिळणार? कारमॅकनें त्यासाठीं १९८० सालीं शास्त्रज्ञांनीं मांडलेली एक युक्ति वापरली. तिचें तत्त्व असें : नकाशावर एक सरळ रेघ ओढून त्याचे दोन भाग करावे. मग प्रत्येक भागाचे पुन्हा दोन. अशा रीतीनें लहान लहान तुकडे होईपर्यंत भाग पाडीत जावें.

हें आपल्या खानदेशाच्या नकाशावरच पाहूं. तापी नदी ही पहिली रेघ समजा. आपण जळगांवीं, म्हणजे तापीच्या दक्षिणेस उभे आहों. पलीकडे यावल व चोपडा. आतां तापीपलीकडचें घर हें अलीकडच्या घरास कधींहि झांकूं शकणार नाहीं. झांकलेंच तर अलीकडचें घर पलीकडच्यास झांकील. म्हणून अलीकडचा भाग आधीं काढावा, पलीकडचा मागाहून. मग अलीकडच्या भागांत गिरणा ही दुसरी रेघ. आपण गिरणेच्या पूर्वेस आहों; म्हणून भुसावळ आधीं, एरंडोल मागाहून. प्रत्येक रेघेशीं प्रश्न एकच : मी हिच्या कोणत्या बाजूस आहें? या एका प्रश्नानें सर्व जागा जवळून दूर अशा क्रमानें लागतात. जवळच्या भिंतींनीं कांचेवरचे सर्व उभे पट्टे भरले कीं मागचें कांहीं काढावयाचें उरत नाहीं. राक्षस भिंतीपलीकडे असेल तर त्याच्या वांट्यास जागाच येत नाहीं. रेघा ओढण्याचें अवघड काम खेळ तयार करतांनाच एकदां उरकलेलें असतें. खेळाच्या वेळीं केवळ प्रश्न विचारावयाचा असतो.

दुसरी युक्ति तर आपल्या अगदीं घरची आहे. कोणती वस्तु किती अंशांच्या कोनावर दिसेल हें ठरविण्यास ‘साइन’ लागतो. तो दर वेळीं काढीत बसण्यास संगणकास सवड नव्हती, म्हणून ‘डूम’मध्यें त्याचें कोष्टक आधींच करून ठेविलें होतें. हा ‘साइन’ म्हणजे आपल्याकडील ‘ज्या’. हा शब्द अरबींतून लॅटिनमध्यें जातांना त्याचें रूप पालटलें. आतां चाळीसगांवाजवळील पाटण आठवा. तेथील देवळांत इ. स. १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. त्यांत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचें सांगितलें आहे. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं ‘सिद्धांतशिरोमणि’ रचिला व ‘ज्या’ कशा काढाव्या याचा विचार ‘ज्योत्पत्ति’ या प्रकरणांत केला. मुलांनो, तुम्ही ज्या गणिताच्या तासास जांभई देतां, तें गणित आपल्याच जिल्ह्यांतील डोंगराच्या पायथ्याशीं आठशें वर्षांपूर्वीं शिकविलें जात होतें, व त्याच्याच वंशांतलें एक कोष्टक तुमच्या बंदुकीची दिशा ठरवीत आहे!

आतां स्वागत कसें झालें तें पाहूं. १० डिसेंबर १९९३ रोजीं खेळ विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर ठेवण्यांत आला. वाट पाहणाऱ्यांची एवढी दाटी झाली कीं खेळ चढविणारांसच आंत शिरण्यास जागा मिळेना, व अखेरीस तें यंत्र कोलमडलें. पहिले नऊ टप्पे फुकट होते. पुढील भाग हवे असतील त्यानें पैसे पाठवावे, असा क्रम होता. चौघांस जोडलेल्या संगणकांवर एकमेकांविरुद्ध खेळतां येई. त्यामुळें कचेऱ्यांतील व विद्यापीठांतील तारा तुंबूं लागल्या. इंटेलसारख्या कंपनीनें व कार्नेगी मेलन विद्यापीठानें तो आपल्या आवारांत बंद केल्याचें सांगतात. उलट अमेरिकेच्या मरीन सैनिकांनीं १९९६ सालीं त्याचाच दुसरा भाग फिरवून शिपायांच्या शिक्षणासाठीं वापरला. कोणी त्यास विष म्हणाला, कोणी विद्या.

वादाचें मूळ यापूर्वींच रुजलें होतें. खेळ निघाला त्याच्या आदल्याच दिवशीं अमेरिकेच्या सेनेटमध्यें खेळांतील हिंसेविषयीं सुनावणी झाली होती. त्या चळवळींतून १९९४ सालीं खेळांवर वयाचा शिक्का मारणारी संस्था निघाली. ‘डूम’वर सतरा वर्षें व त्यावरील असा शिक्का आहे. जर्मनीनें १९९४ सालीं तो मुलांना अपायकारक अशा साहित्याच्या यादींत घातला व २०११ सालीं काढला. सर्वांत भयंकर प्रसंग १९९९ च्या एप्रिलमध्यें कोलंबाइन येथील शाळेंत घडला. दोन विद्यार्थ्यांनीं गोळीबार करून आपल्या सोबत्यांचे व एका शिक्षकाचे प्राण घेतले. ते दोघे ‘डूम’ खेळत असत, म्हणून सर्व दोष खेळावर आला. पीडित कुटुंबांनीं खेळ करणारांवर खटला भरला. न्यायालयानें तो २००२ सालीं काढून टाकला. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संस्थेनें २०२० सालीं असें मत दिलें कीं, अशा खेळांमुळें प्रत्यक्ष हिंसा घडते असें म्हणण्यास पुरेसा आधार नाहीं. मात्र ओरडणें, ढकलणें अशा लहानसहान आक्रमक वर्तनाशीं त्यांचा थोडा संबंध दिसतो. दोन्ही वाक्यें पालकांनीं जोडून वाचावीं. एकच वाचल्यास अर्धें सत्य हातीं लागेल.

हा वाद आपल्या महाराष्ट्रासहि नवा नाहीं. २०१९ सालीं मुंबईच्या एका अकरा वर्षांच्या मुलानें आपल्या आईमार्फत ‘पबजी’ या मोबाईलवरील नेमबाजीच्या खेळावर बंदी मागण्यासाठीं उच्च न्यायालयांत याचिका केली. २ सप्टेंबर २०२० रोजीं केंद्र सरकारनें तो खेळ बंद केला, परंतु तो देशाच्या सुरक्षिततेच्या कारणावरून. मुलांच्या अभ्यासावरून नव्हे. पुढें तोच खेळ नव्या नांवानें परत आला. त्याच वर्षांत आपल्या पुण्यास ‘सुपरगेमिंग’ या कंपनीनें ‘मास्कगन’ हा प्रथमपुरुषी नेमबाजीचा खेळ चालविला व २०२४ च्या ऑक्टोबरांत ‘इंडस’ हा नवा खेळ काढला. म्हणजे खेळणारे आपले होते, तसे आतां घडविणारेहि आपले आहेत.

१९९७ च्या डिसेंबरांत ‘डूम’च्या कर्त्यांनीं त्याची मूळ आज्ञावली जगास खुली केली. म्हणूनच तो आज वाटेल त्या यंत्रावर चालतो. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या जुन्या फोनवर तो आला तो याच वाटेनें. दार उघडें आहे; आंत जाऊन कोणी बंदूक उचलतो, कोणी भिंत कशी उभी आहे तें पाहतो.

मग फोन फोडावा काय? आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. चौदा वर्षांच्या मुलासाठीं तो खेळ नव्हे. शिक्का मारणारांनीं तें आधींच सांगितलें आहे, व वर्गांत तर कोणताच खेळ नको. रात्रीची झोंप, जेवण, सोबत्यांशीं बोलणें हें जर एखादा खेळ खाऊं लागला, तर तो आवरलाच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०१९ सालीं अशा अनावर खेळण्यास रोगांच्या यादींत घेतलें आहे. प्रथमपुरुषी खेळाचा आम्हांस वाटणारा दोष आणखी एक. त्यांत ‘मी’ एकटाच असतो. समोरचा कोणी ‘मी’ नसतो, तो केवळ नेम असतो. घरीं व शाळेंत मुलास ‘तूं’ म्हणणारीं, त्याचें ऐकून घेणारीं माणसें नसतील, तर हा धडा त्याच्या मनांत खोल जाईल. परंतु जो मुलगा भिंतीमागें काय आहे असें विचारतो, त्याचा फोन फोडून त्याचा प्रश्नहि फोडणें हें आम्हांस पाप वाटतें.

आठ दिवसांनीं वडील पुन्हा आले. आम्हीं फळ्यावर तापी व गिरणा काढून उत्तर सांगितलें. मुलगा गप्प उभा होता. वडील मात्र फळ्याजवळ गेले, आणि रोज ज्या रस्त्यानें गाडी नेतात तो धुळ्याचा रस्ता त्यांनीं बोटानें दाखविला. “म्हणजे बांभोरीचा पूल ओलांडला कीं बाजू बदलली,” ते म्हणाले. बापलेक एकाच नकाशाकडे पाहत आहेत, असें आम्हांस त्या दिवशीं प्रथमच दिसलें. फोन वडिलांच्या हातीं गेला. मुलानें नंतर वहींत आपल्या शाळेचा नकाशा काढून त्यावर अठरा रेघा ओढून आणिल्या. त्यांतील दोन चुकल्या होत्या, त्या त्यानेंच दुसरे दिवशीं दुरुस्त केल्या.

पालकहो, आपल्या मुलाच्या हातांतील कांचेवर काय चाललें आहे हें एकदां त्याच्या शेजारीं बसून पाहा. आणि विद्यार्थिमित्रहो, खेळून झाल्यावर एक तरी प्रश्न घेऊन आमच्याकडे या. उत्तर आम्हांस येत नसलें, तर आपण मिळून शोधूं.