विजय हजारे : फळी आणि चेंडू

धांवफलक वाचण्याची आमची एक रीत आहे. सर्वांत मोठ्या आंकड्यावर डोळा स्थिरावला म्हणजे तेथेंच न थांबतां, त्या गड्यानें गोलंदाजीच्या रकान्यांत काय केलें तेंही पाहावें. विजय सॅम्युएल हजारे यांची कारकीर्द ह्या रीतीनें वाचण्याजोगी आहे. त्यांच्याच नेतृत्वाखालीं १९५२ सालीं मद्रास येथें भारतानें इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळविला, हें वाचकांस ठाऊक असेलच. येथें आम्ही त्यांच्या देशांतर्गत सामन्यांपुरतेंच लिहीत आहों.

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजीं सांगली येथें एका ख्रिस्ती शिक्षकाच्या घरीं झाला. १९३४-३५ सालीं रणजी करंडकाचे सामने सुरू झाले, त्याच मोसमांत ते महाराष्ट्राकडून खेळले. मध्यम गतीचा चेंडू हें त्यांचें आरंभापासूनचें साधन. पुढें ऑस्ट्रेलियाचे विख्यात गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांची शिकवण त्यांस लाभली. देवासच्या महाराजांनीं ग्रिमेट यांस मुद्दाम पाचारण केलें होतें. १९३९-४० सालीं पुण्यास बडोद्याविरुद्ध हजारे यांनीं नाबाद ३१६ धांवा काढल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत तीनशेंचा टप्पा गांठणारे ते पहिले भारतीय. ज्या बडोद्याला त्यांनीं असें झोडपलें, तेंच पुढें त्यांचें घर झालें!

त्या काळीं मुंबईची पंचरंगी स्पर्धा फार गाजत असे. हिंदु, मुसलमान, पारशी व युरोपियन असे चार संघ धर्म व जात पाहून ठरलेले. ह्या चौकटींत न बसणाऱ्यांसाठीं १९३७ सालीं ‘इतर’ हा पांचवा संघ आला. हजारे ह्या ‘इतरां’तले. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यांत हिंदु संघानें पांच गडी बाद ५८१ धांवांवर डाव सोडला. त्यांत विजय मर्चंट नाबाद २५०. ‘इतर’ १३३ धांवांत गारद झाले, त्यांत हजारे यांच्या ५९. लगेच दुसरा डाव खेळण्याची पाळी आली. तो ३८७ धांवांत संपला व त्यांपैकीं ३०९ एकट्या हजारे यांच्या! म्हणजे दोन्ही डावांतील ५२० पैकीं ३६८. तरीही सामना एक डाव व ६१ धांवांनीं हातचा गेला तो गेलाच.

हा फलक आम्ही वर्गांत फळ्यावर लिहितों, तेव्हां मुलांची नजर ३०९ वरून हलत नाहीं. आम्ही त्यांस दुसरा एक आंकडा दाखवितों : २१. हा विजयरावांचे बंधु विवेक यांचा. दोघां भावांनीं सहाव्या गड्यासाठीं ३०० धांवांची भर घातली, तींत विवेक यांचा वांटा एवढाच. पण ते टिकले नसते तर ३०९ होते कुठले?

धर्मावर बेतलेली ती स्पर्धा १९४५-४६ नंतर बंद पडली. आमच्या मतें तें बरेंच झालें. त्यानंतरच्याच मोसमांत, मार्च १९४७ मध्यें, बडोदें व होळकर हे रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत भेटले. हा सामना आम्हांस ३०९ हूनही मोलाचा वाटतो. आधीं हजारे यांनीं चेंडू हातीं घेऊन ८५ धांवांत ६ गडी टिपले व होळकरांचा डाव २०२ वर आटोपला. बडोद्याचे तीन गडी ९१ धांवांत परतले असतां हजारे यांस गुल महंमद येऊन मिळाले. देशाची फाळणी अवघ्या कांहीं महिन्यांवर आली होती. हे दोघे मात्र एकाच संस्थानाच्या नांवानें ५३३ मिनिटें एकत्र खेळत होते. भागीदारी ५७७ धांवांची झाली : गुल महंमद ३१९, हजारे २८८. प्रथम श्रेणीच्या खेळांतील कोणत्याही गड्यासाठींचा हा उच्चांक २००६ पर्यंत टिकला. त्या वर्षीं कोलंबो येथें संगकारा व जयवर्धने यांनीं ६२४ धांवा जोडून तो मोडला. बडोद्यानें ७८४ धांवा करून सामना एक डाव व ४०९ धांवांनीं जिंकला. गुल महंमद पुढें पाकिस्तानांत स्थायिक झाले व १९५६ सालीं त्या देशाकडूनही एक कसोटी खेळले.

हजारे यांचें निधन २००४ सालीं बडोद्यास झालें. प्रथम श्रेणींत त्यांच्या नांवावर साठ शतकें आहेत, आणि गोलंदाजीच्या रकान्यांत ५९५ बळी.